वाचनाची डॉक्टर

आईचं वाचन गेलं ते एका रविवारी, चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर.

माझं माहेर विरारजवळच्या नंदाखालचं. आई गावच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव तिला अजून ‘बाई’च म्हणतं. अधूनमधून एखाद्या रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलातला उतारा वाचायची पाळी तिच्यावर यायची. ते काम ती फार मनावर घ्यायची. आदल्या दिवशी माझा भाऊ केळीच्या वाडीत पाणी सोडत असायचा आणि ही मागच्या ओट्यावर बसून मोठ्यानं सराव करायची. एखादं वाक्य नीट पडलं नाही की पुन्हा पहिल्यापासून.

मी लग्नानंतर वसई रोडला राहते. त्या आठवड्यात मी माहेरी आले होते आणि चर्चमध्ये चौथ्या-पाचव्या बाकावर बसले होते. आई पायऱ्या चढून वर गेली, पुस्तक पुढ्यात ओढलं आणि वाचायला लागली. दोन वाक्यं ठीक झाली. मग ती थांबली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. पान उलटलं, परत जागेवर आणलं. माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मला आधी वाटलं, पानं चिकटली असतील. मग वाटलं, ओळ हरवली असेल. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटी गाणाऱ्यांमधले एक गृहस्थ उठून वर गेले आणि तिच्या शेजारी उभं राहून त्यांनी उरलेला उतारा वाचला. आई खाली उतरली नाही. हात बांधून, मान थोडी कलती करून ती त्यांचं वाचन ऐकत उभी राहिली. वर्गात एखादं पोर धडा वाचत असताना ती अशीच उभी राहायची.

बाहेर आल्यावर बायकांनी तिला गराडा घातला.

“काय झालं बाई? चक्कर आली?”

“छपाई बिघडलीय त्या पुस्तकाची,” आई म्हणाली. “फादरना सांगायला हवं.”

घराच्या वाटेवर मात्र तिनं माझा दंड धरला. आमची घरची बोली वेगळी आहे. ती इथे मी सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिते आहे. ती म्हणाली, “अक्षरं दिसतात गं सगळी. पण कसली आहेत ते कळत नाही.”

भाऊ म्हणाला, मोतीबिंदू असेल, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. मला ते पटवून घ्यायचं होतं. पण घरी पोचल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

“काहीतरी लिही.”

“काय लिहू?”

“मनात येईल ते.”

तिनं लिहिलं. मोती ओवावेत तसं तिचं अक्षर. ‘आज रविवार आहे. मला बरं वाटत नाही. मुलगी घरी आली आहे.’ काना, मात्रा, पूर्णविराम, सगळं जागच्या जागी. मी तिला पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग तेच पान तिच्यासमोर धरलं.

“वाच.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे कोणी लिहिलंय?”

त्याच क्षणी मला कळलं हे काय आहे ते. लिहिता येतं पण वाचता येत नाही, स्वतःनं लिहिलेलंसुद्धा वाचता येत नाही, अशा माणसांबद्दल विद्यार्थिदशेत एका जाड पुस्तकात मी वाचलं होतं. मोजून एक परिच्छेद. परीक्षेपुरता पाठ केला होता. पुढे इतक्या वर्षांत त्याची कधी गरज पडली नाही. माझं काम वाचनावरचंच, पण वेगळं.

भावाला म्हटलं, “सोमवारपर्यंत थांबायचं नाही. गाडी काढ.”

दवाखान्यात एमआरआय झाला. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला होता. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, आठवण शाबूत. उजव्या बाजूची नजर थोडी गेली होती, पण ते आम्हाला आणि तिलाही तपासल्याशिवाय कळलं नसतं. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान होते. त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं: डोळ्यांना अक्षर दिसतं, पण दिसलेल्या अक्षराचा जिथं शब्द होतो तिथवर ते आता पोचत नाही. लिहिण्याचा रस्ता निराळा, तो वाचला.

“तुम्ही काय करता?” त्यांनी मला सहज विचारलं.

“विद्यापीठात असते. वाचनावर संशोधन करते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग यांच्या वाचनासाठी पुढे काय करता येईल ते तुम्हीच मला सांगा. मी फक्त दुसरा झटका येऊ नये म्हणून गोळ्या देऊ शकतो.”

त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. मी म्हटलं, “बघते,” आणि मान खाली घातली.

गावात बातमी पसरली. आईला बघायला माणसं यायला लागली. कुणी शहाळी आणली, कुणी केक. आईच्या हाताखाली शिकून गेलेले आता आजोबा झालेत, तेही आले. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच असायचं. “बाई, तुम्हाला कसली काळजी? तुमची पोरगी तर वाचनाची डॉक्टर.”

हे बिरुद मला पीएचडी मिळाली तेव्हाच गावानं लावलं होतं. आईनंच पसरवलं होतं ते. आता आई उशीला टेकून बसलेली असायची आणि हे ऐकलं की माझ्याकडे बघून मान हलवायची. तिचा माझ्यावर पुरा विश्वास होता. मला चहा आणायला आत जावं लागायचं.

माझ्या विभागाच्या वेबसाइटवर प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान आहे आणि त्यावर शोधनिबंधांची यादी. दरवर्षी ती अद्ययावत करावी लागते. बढतीपासून विद्यार्थी मिळण्यापर्यंत सगळं त्या यादीवर चालतं. माझी यादी बऱ्यापैकी लांब आहे. मराठी मुलं आधी कोणती अक्षरं ओळखतात, काना आणि वेलांटी यांत कुठं अडखळतात, जोडाक्षर कधी सुटतं, घरी गोष्टी ऐकलेलं मूल आणि न ऐकलेलं मूल यांच्या वाचनात काय फरक पडतो. एक निबंध घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांवर आहे. त्यासाठी मी वसईजवळच्या पाचूबंदर कोळीवाड्याच्या शाळेतल्या मुलांबरोबर बरेच महिने घालवले होते. ती घरी ‘पानी’ म्हणतात आणि पुस्तकात ‘पाणी’ छापलेलं असतं. तेव्हा मूल नक्की काय वाचतं, हा प्रश्न होता. त्या शाळेत माझी ओळख आईनंच करून दिली होती.

सगळे निबंध इंग्रजीत. आईनं त्यातला एकही कधी वाचला नव्हता. तिला इंग्रजी जेमतेम. पण यादी वाढली की ती मला विचारून घ्यायची आणि शेजारी सांगायची.

दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी, दुपारी ओट्यावर बसलो असताना ती म्हणाली, “तुझी ती यादी काढ.”

“कशाला?”

“मला झालंय त्याचं तू काय लिहिलंयस ते ऐकायचंय.”

मी लॅपटॉप उघडला. काय करणार? एकेक नाव मराठीत सांगत गेले. ती डोळे मिटून ऐकत होती. प्रत्येकाला थांबवायची. “हे कशाबद्दल?” मी सांगायचे. “बरं. पुढे.” वाडीत भाऊ केळीचे घड उतरवत होता, त्याच्या कोयत्याचा आवाज येत होता. मी यादीच्या तळाशी पोचले. आईनं डोळे उघडले.

“हे सगळं पोरांचं झालं. माझं कुठाय?”

“नाहीये आई.”

“नाही म्हणजे?”

“मी फक्त मुलांवर काम केलं. वाचता येतं कसं, ते. आलेलं जातं कसं, त्यावर मी काहीच केलेलं नाही. तो विषय वेगळ्या लोकांचा.”

रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त गोंधळली होती. भातासाठी पातेलं चुलीवर ठेवावं आणि डब्यात तांदूळ नाहीत हे तेव्हा कळावं, तसा चेहरा.

“मग आता कर,” ती म्हणाली.

मी रजा घेतली. त्या वेगळ्या लोकांचे निबंध मागवून मागवून वाचले. वसईतल्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंना घरी बोलावलं. त्या प्रामाणिक होत्या, म्हणाल्या, बोलणं गेलेल्यांबरोबर मी काम केलंय, असं कधी पाहिलं नाही, पण आपण दोघी मिळून करू. युक्ती अशी होती: डोळ्याला अक्षर कळत नाही, पण हाताला कळतं. लिहिणारा हात शाबूत आहे. तेव्हा अक्षरावरून बोट फिरवायचं आणि हाताला विचारायचं, हे काय आहे.

पहिल्या दिवशी आईनं कागदावरच्या मोठ्या ‘म’वरून तर्जनी फिरवली. एकदा, दोनदा. आणि एकदम म्हणाली, “म! मगरीचा म!” आम्ही तिघी हसलो. भाऊ वाडीतून धावत आला. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं की हे जमणार.

महिनाभर ती रोज सकाळी आंघोळ करून, साडी नेसून टेबलाशी बसायची. ‘कमळ’ वाचलं. ‘नारळ’ वाचलं. पण मराठी काही कमळ-नारळावर संपत नाही. पहिल्या वेलांटीत सगळं अडलं. ‘किरण’मध्ये वेलांटी आधी येते आणि अक्षर मागाहून, आई बोटानं वेलांटी गिरवायची आणि ती कुणाची हे शोधत बसायची. जोडाक्षरात बोट गुंतून पडायचं. उजवीकडचं नीट दिसत नसल्यानं शब्दाचा शेवट कुठं आहे हेच तिला कळायचं नाही. ‘पाऊलवाट’ ती ‘पाऊल’वर सोडून द्यायची आणि शब्द संपला म्हणून माझ्याकडे बघायची.

एकदा तिनं हट्टानं वर्तमानपत्र मागितलं. मथळा होता, ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहणार’. ती एकेक अक्षर गिरवत गेली. मी शेजारी बसून होते, ओठ घट्ट मिटून. ती शेवटच्या शब्दापर्यंत पोचली तेव्हा तिचा चेहरा घामानं डबडबला होता.

“राहणार,” ती म्हणाली. “काय राहणार?”

पहिले शब्द तोवर निसटले होते. मी तिला पूर्ण मथळा सांगितला.

“एवढंच?” ती म्हणाली. “आपल्या घरी विहीर आहे. आपल्याला काय त्याचं.” आणि उठून आत गेली. तिनं वर्तमानपत्र पुन्हा मागितलं नाही. भावानं पुढच्या महिन्यापासून ते बंद केलं. मी त्याच्यावर चिडले, तर तो म्हणाला, “ती रोज सकाळी त्याची घडी करून ठेवते, न उघडता. ते मला बघवत नाही.”

फादर भेटायला आले. भला माणूस. ते म्हणाले, “बाई, तुमचा आवाज आम्हाला हवाय. तुमची मुलगी किंवा मुलगा तुम्हाला उतारा वाचून दाखवेल. तुमची स्मरणशक्ती तर आमच्यापेक्षा चांगली. पाठ करा आणि पुस्तक समोर ठेवून म्हणा. कुणाला कळणार आहे?”

मला ती कल्पना आवडली. मी आईकडे बघितलं. ती नम्रपणे हसली आणि म्हणाली, “फादर, पहिलीत अशी पोरं असायची. भावंडांकडून धडा ऐकून पाठ करून यायची. पुस्तक धरून घडाघडा म्हणायची. मी मध्येच एका शब्दावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हा कोणता? मग त्यांना रडू यायचं.” तिनं फादरपुढे चहा सरकवला. “त्या रविवारीसुद्धा पहिली दोन वाक्यं मी वाचली नव्हती. सरावामुळे तोंडात होती, ती आली. तेव्हा मला कळलं नाही. आता कळतंय. आता जाणूनबुजून नको.”

फादर चहा घेऊन गेले. तिचं नाव वाचणाऱ्यांच्या पाळीतून काढलं गेलं.

रजा संपली. मी विभागात परतले. आमचे विभागप्रमुख निवृत्तीला आलेले, मला मुलीसारखं वागवणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग थोडं संकोचत म्हणाले, “तुम्हाला कसं वाटेल माहीत नाही. पण हे लिहायला हवं. आपल्या लिपीतलं असं उदाहरण नीट नोंदवलेलं फारसं सापडत नाही. आणि तुमच्याइतकं जवळून कोण बघणार?”

त्या दिवशी मी विरारला उतरून बस पकडेपर्यंत मनात त्यांच्याशी भांडत होते. पण माहेरी पोचल्यावर आईनं विचारलं, “तोंड का उतरलंय?” तेव्हा सांगून टाकलं. मला वाटलं होतं, तिला वाईट वाटेल. ती सरळ होऊन बसली.

“म्हणजे माझ्यावर निबंध?”

“हो.”

“मग लिही की. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.” आणि जरा वेळानं, “यादीत येईल ना?”

“येईल.”

चाचण्यांच्या दिवशी तिनं ठेवणीतली साडी काढली. केसांत वाडीतला सोनचाफा खोवला. मी शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या, रेकॉर्डर सुरू केला. आता चाचणीचा एक नियम असतो: परीक्षकानं मदत करायची नाही. बरोबर की चूक तेही सांगायचं नाही. मुलं हिरमुसू नयेत म्हणून प्रत्येक शब्दानंतर, आला असो वा नसो, एकाच सुरात काहीतरी प्रोत्साहन द्यायचं. हे मी शेकडो मुलांबरोबर केलं आहे.

आई पहिला शब्द गिरवत बसली. आला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

“छान,” मी म्हटलं. “पुढचा.”

दुसरा शब्द. बोट दोनदा चुकलं. तिनं काहीतरी अंदाज केला.

“छान. पुढचा.”

तिसऱ्या शब्दावर ती थांबली. बोट कागदावरून उचललं आणि मांडीवर ठेवलं.

“मला असं ‘छान’ म्हणू नकोस.”

“आई, चाचणीत तसं...”

“मला ठाऊक आहे कसं ते. मीही म्हणायचे. ज्याला येत नसायचं, त्यालाच म्हणायचे.”

रेकॉर्डर चालूच होता. मी तो बंद करायला हात पुढे केला तर तिनं माझं मनगट धरलं.

“बंद नको करू. पुढचा शब्द दे. फक्त तोंडानं काही बोलू नकोस.”

आम्ही सगळ्या चिठ्ठ्या पुऱ्या केल्या. मी एक शब्द बोलले नाही. ते रेकॉर्डिंग नंतर मला पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं, वेळ मोजायला. त्यात पंख्याचा आवाज आहे, लांबून मासळीवालीची हाक आहे आणि आईच्या बोटाचा कागदावर घासल्याचा अगदी बारीक आवाज आहे. बाकी बराच काळ काही नाही.

निबंध लिहिला. थेरपिस्ट बाईंचं नाव माझ्याबरोबर घातलं. आईचं नाव घालता येत नव्हतं. रुग्णाची ओळख लपवायची असा नियम. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी कोण आहे त्यात?”

“एक निवृत्त शिक्षिका. उजव्या हातानं लिहिणारी.”

“गावाचं नाव?”

“तेही नाही. पश्चिम किनाऱ्यावरचं एक गाव.”

ती हसली. “म्हणजे मी कुणाला सांगितलं की ही मीच, तर कोणी खरं मानणार नाही.”

निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांकडून शेरे आले. एकानं लिहिलं होतं, वर्णन काळजीपूर्वक केलं आहे, पण उपचारांचा परिणाम काय झाला ते स्पष्ट नाही. लेखिकांनी ते स्पष्ट करावं. मी त्या वाक्यापुढे अनेक दिवस बसून होते. तोवर मी दर शनिवारी जाऊन आईबरोबर बसत होते. बोटाचा वेग थोडा वाढला होता, पण एकेक अक्षर गिरवण्याच्या पलीकडे ती गेली नव्हती. पाटीवरचा शब्द, औषधाच्या पाकिटावरचा शब्द, कबरीवर कोरलेलं बाबांचं नाव, सगळं तिच्या नुसत्या डोळ्यांना तेवढंच परकं. शेवटी मी एक वाक्य वाढवलं आणि निबंध परत पाठवला. तो स्वीकारला गेला.

छापून आल्यावर आईनं तो पूर्ण ऐकवायला लावला. जेवणानंतर, ओट्यावर. मी इंग्रजीतून मराठी करत वाचत होते. मेंदूचा भाग, चाचण्यांची पद्धत, चुकांचे प्रकार. ती मध्ये मध्ये दुरुस्त्या सुचवत होती. “तो शब्द मी ओळखला होता, फक्त उशिरा.” मी म्हणायचे, “हो, तसंच लिहिलंय.” मग मी वाढवलेल्या त्या वाक्यापाशी आले आणि गप्प झाले.

“थांबलीस का?”

“संपलं.”

“संपलं नाही. तुझा आवाज संपल्यासारखा नाही आला.”

मग मी वाचलं. “उपचारांच्या काळात रुग्णाच्या वाचनात लक्षणीय सुधारणा आढळली नाही.”

आईनं वाडीकडे नजर वळवली. तिथं माडाची एक झावळी अर्धवट तुटून लोंबत होती.

“बरोबर लिहिलंस,” ती म्हणाली. “खोटं लिहिलं असतंस तर मला कळलं नसतं.”

तो निबंध आता यादीत सर्वांत वर आहे. नवीन आधी, जुने नंतर, असा यादीचा क्रम असतो. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं. काही ठिकाणांहून विचारणा झाली. कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी ईमेल पाठवली. त्यांच्या पत्नीला असंच झालं होतं, त्या वकिली करायच्या. इंग्रजी निबंध शब्दकोश घेऊन वाचला, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी फक्त एवढं: ‘पुढे काय करावं ते कृपया कळवा.’

मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. बोटाच्या युक्तीबद्दल लिहिलं, मग वाटलं, ते तर निबंधातच आहे. त्यांनी तेवढं वाचलं असणार आणि तरीही विचारतायत. आईला सांगितलं. ती म्हणाली, “खरं ते कळव.” मी कळवलं की आम्ही अजून करतो आहोत आणि मला याहून जास्त माहीत नाही. त्यांचं पुन्हा काही आलं नाही.

पुढे आम्ही दोघींनी न ठरवताच तो सराव सोडला. एका शनिवारी मी गेले तर टेबलावर चिठ्ठ्या नव्हत्या, सुपात तांदूळ होते. आई तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि निवडायला लागले. तिनं अक्षरांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण मला वाटत राहिलं की एखादी चांगली संशोधक असती तर तिनं काढला असता.

आई अजून लिहिते. वसईत राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीला फोनवर बोलायला आवडत नाही, कानाला कमी ऐकू येतं. म्हणून तिला आई पत्रं लिहिते. मध्येच कुणी हाक मारली की आपण कुठपर्यंत आलो ते तिला कळत नाही. मग ती तेच वाक्य पुन्हा लिहिते, किंवा अर्धं सोडून पुढचंच सुरू करते. मावशी ती पत्रं जपून ठेवते. मला म्हणाली, “मला कळतं गं सगळं. दोनदा आलं तर दोनदा वाचते.”

मागच्या महिन्यात आम्ही मावशीकडे गेलो होतो. परत येताना बससाठी थांब्यावर उभ्या होतो. दुपारची वेळ, ऊन कडक, रिक्षांची गर्दी. आईबरोबर बाहेर पडलं की मला आता एक सवय लागली आहे: जे जे लिहिलेलं दिसेल ते मी वाचून दाखवते. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, रिक्षांच्या मागचे मजकूर. मी आपली चालू होते. “इथं शिवणक्लास निघालाय. तिथं लिहिलंय, फ्लॅट भाड्यानं देणे आहे. ती बस दुसरीकडची. हा बोर्ड दातांच्या डॉक्टरचा.”

आई ऐकत होती. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“सगळं नको वाचूस गं,” ती म्हणाली. “दमतेस तू. आणि मीही दमते. आपली बस आली की तेवढं सांग.”

मी मोठ्यानं वाचणं थांबवलं. समोर एवढं सगळं लिहिलेलं होतं आणि ते न वाचणं मला जमेना; डोळा पडला की वाचून होतच होतं. मी नजर खाली वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं बस आली.

“ही आपली,” मी म्हटलं.

आईनं पदर खोचला आणि पुढच्या दारानं चढायला लागली.